व्याह्यांची पंपगाडी

व्याही माणसानं कसं वागावं, याला काही रीत आहे की नाही? सकाळच्या गाडीनं यावं, पाय धुवावेत, दोन घास जास्त खावेत, नातवाला मांडीवर घेऊन त्याचं नाक आपल्या घराण्यावर गेलंय असं सांगावं, आणि संध्याकाळच्या गाडीनं जावं. आमचे गणपतराव आले ते ट्रंक घेऊन. माझी अंजना बाळंतपणाला माहेरी आलेली. हे तिचे सासरे. नातू बघायला म्हणून आले आणि बारसं उरकलं, पाहुणे गेले, भाड्यानं आणलेली भांडीसुद्धा परत गेली, तरी हे ओट्यावरच्या खुर्चीत होतेच. नुसते बसून राहिले असते तरी माझी तक्रार नव्हती. ते उठायला लागले, तिथं सगळं बिघडलं.

गणपतरावांची उभी हयात सूतगिरणीच्या गोडाऊनवर गेली. आता रिटायर झालेत, पण गोडाऊन काही त्यांच्या अंगातनं गेलेलं नाही. घरात कुणी पाट सरकवला तरी हे सांगणार, कमरेतनं वाकू नका, गुडघ्यातनं वाका. माझी सून पाण्याची घागर घेऊन आली की हे खुर्चीतनं हात हलवून तिला वळवणार, ट्रक मागं घेताना क्लीनर करतो तसं. एकदा ती बिचारी बिथरून घागरीसकट तुळशीवर गेली. आणि मला बोलायची चोरी. लेक दिलेल्या घरचा माणूस, त्याला आपण एक शब्द वाकडा बोलायचा आणि लेकीनं तिकडं तो वर्षभर ऐकायचा. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत मला सगळे आक्का म्हणतात, आणि आक्काच्या तोंडी लागू नये हे गल्लीतल्या म्हशींनासुद्धा ठाऊक आहे. अशा बाईनं दातावर दात धरून "व्हय व्हय, बरोबर हाय" म्हणत बसायचं म्हणजे काय, ते माझ्या जबड्याला विचारा.

माझा धंदा लोणच्याचा. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले, पण फोडीला मीठ किती लागतं ते मला पुस्तकात बघावं लागत नाही. त्या साली कैरी चांगली आली होती. फोडून, मीठ-हळद लावून पिंपं भरून ठेवलेली, मोहरी फेसलेली, तेल तापवून गार केलेलं. अडलं होतं ते बरण्यांवर. मिठातली कैरी कुणाची वाट बघत नाही. चार दिवस पुढंमागं झाले की फोड मऊ पडते, आणि मऊ फोडीचं लोणचं आक्काच्या नावानं दुकानात गेलं की पुढच्या साली दुकानदार दुसऱ्याचं घेऊन मोकळा. म्हणजे सगळ्या वर्षाची चूल त्या बरण्यांवर होती.

तोवर काचेच्या बरण्या पोत्यात पेंढा घालून यायच्या. हमाल पोतं पाठीवर घ्यायचा, दारात आपटायचा, आणि आतनं जो आवाज यायचा त्यावरनं किती फुटल्या ते मी न उघडता सांगायची. पण त्या साली बरणीवाल्यांच्या एजंटानं येऊन सांगितलं, आक्का, आता पोती बंद. कारखान्यानं नवी तऱ्हा काढली आहे. बरण्या लाकडी पॅलेटवर येणार. पॅलेट म्हणजे काय, तर फळ्यांचा चौरंग, खालनं पोकळ. त्यावर बरण्या थरावर थर रचून दोरीनं बांधलेल्या. ट्रकच्या मागं एक लोखंडी फळी असते, ती बटण दाबलं की वर-खाली होते. ड्रायव्हर बटण दाबणार, बाकी काही करणार नाही. फळीवर माल आणायचा आणि खाली उतरवून घ्यायचा, ते आपण बघायचं. त्याला एक हातगाडी लागते. पुढं दोन लांब जिभा, मागं दांडा. जिभा चौरंगाच्या पोटात घालायच्या, दांड्यानं पंप मारायचा, की चौरंग जमिनीपासून दोन बोटं उचलला जातो आणि एकटा माणूस तो ओढू शकतो. कारखान्यात तिला पॅलेट ट्रक म्हणतात म्हणे. आमच्या गल्लीत तिचं नाव पंपगाडी पडलं.

ही बातमी गल्लीत गेली आणि सल्ले यायला लागले. शेजारच्या चिमणाबाईचं म्हणणं, गाद्या पसरा आणि बरण्या एकेक करून खाली सोडा. तालमीचे वस्ताद आले आणि म्हणाले, गाडी कशाला, माझे पठ्ठे चौरंगासकट खांद्यावर घेतील, पालखी घेतात तसं. मी हात जोडले. त्यांचे पठ्ठे उचलतील यात शंका नाही, पण आदल्या साली पिंपं हलवायला बोलावलं तर कामापेक्षा फोडीच जास्त हलवल्या होत्या.

आणि ओट्यावरनं गणपतराव उठले. म्हणाले, "ईनबाई, ह्यातलं तुमास्नी कळायचं न्हाय. हे माज्यावर सोडा."

सोडलं. करते काय?

मी, माझा मुलगा दौलत आणि गणपतराव असे आम्ही उद्यमनगरात मीरासाबच्या वखारीत गेलो. मीरासाब जुनी यंत्रं घेऊन दुरुस्त करून विकतो. माणूस चोख, तोंड माझ्यापेक्षा जरा कमी. त्याच्याकडं दोन पंपगाड्या होत्या. एक थोराड, पिवळी जर्द, लोखंडी चाकांची, जिभा ऐसपैस. दुसरी अंगानं बारकी, रंग उडालेली, पण चाकांवर रबरासारखं काहीतरी चढवलेलं. मला पंपगाडीतलं कळत नाही, म्हशीतलं कळतं. म्हैस घेताना आपण शिंगं बघत नाही, चालवून बघतो, पाय बघतो, धार काढून बघतो. तसं मी दोन्ही गाड्यांवर भंगार लादायला लावलं, पंप मारून उचलायला लावलं आणि चहा सांगितला. चहा संपेस्तोवर पिवळी हळूहळू खाली बसली. बारकी होती तिथंच उभी.

मीरासाब म्हणाला, पिवळीच्या पंपातला वायसर गेलाय, तो मी बदलून देतो, पण तुमच्या कामाला ही नको. एक तर हिच्या जिभा रुंद, चौरंगाच्या पोटात जातील का ते आधी मोजा. दुसरं, ट्रकच्या त्या फळीला वजनाची मर्यादा असते. त्यात माल आला, गाडी आली आणि गाडी धरणारा माणूसही आला. आणि लोखंडी चाक लोखंडी फळीवर घसरतं.

"आमच्या गिरणीत हीच गाडी हुती," गणपतराव म्हणाले.

"गिरणीत जमीन सपाट हुती, साहेब. फळीला काय, तुमी किती वजनदार घराण्यातलं हायसा ते कळत न्हाय," मीरासाब म्हणाला.

इथंच तो चुकला. गणपतरावांनी घराण्याचं नाव ऐकलं आणि फेटा सारखा केला. म्हणाले, असली मरतुकडी गाडी आमच्या सोयऱ्यांच्या दारात शोभणार नाही. पिवळीच्या दांड्यावर हात ठेवून त्यांनी जाहीर केलं, की बारशात ईनबाईंना आमच्याकडनं नुसतं लुगडं झालं, ते माझ्या मनाला लागून होतं. तर ही गाडी आमच्याकडनं आहेर.

आता आहेर म्हटल्यावर माझं तोंड शिवलं की. आहेराला कोण नाही म्हणणार? लुगड्याचा रंग आवडला नाही म्हणून कुणी व्याह्याला परत देतं का? आणि जिभा मोजायची गोष्ट काढली तर म्हणाले, आहेर काय मापून घेतात? मीरासाबकडं बघून मी नुसती मान हलवली. तोही शहाणा, त्यानं पैसे मोजून घेतले. पिवळी गाडी छकड्यात घालून वाजतगाजत नाही, पण खडखडत नक्की घरी आली. गल्लीतल्या बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं. दौलत आपल्या बापासारखाच न बोलणारा. तो एवढंच म्हणाला, "आई, लुगडं बरं हुतं."

पुढचा घोळ परवानगीचा. दिवसा मोठा ट्रक गल्लीत आणायचा तर कचेरीतनं कागद आणावा लागतो. दौलत गेला. तिथल्या साहेबांनी विचारलं, फळी म्हणजे लिफ्ट का? लिफ्ट इमारतीला असते, इमारतीचा नकाशा कुठाय? दौलत म्हणाला, इमारतीला नाही, ट्रकला आहे. साहेब म्हणाले, मग ती रस्त्यावर उभी राहणार आणि वर-खाली होणार? आमच्याकडं रस्त्यावर उभं राहून वर-खाली होणारं एकच असतं, जत्रेतला पाळणा. आणि त्यांनी एका दिवसाच्या पाळण्याची परवानगी देऊन टाकली. दौलतनं ती गुमान घेतली, कारण साहेब चहाला निघाले होते आणि ते चहाला गेले की कधी परत येतात, हे त्यांच्या चहालाही माहीत नसतं.

ट्रक यायच्या दिवशी सकाळी दार उघडलं तर गल्लीत पोरांची ही गर्दी. फुगेवाला आलेला. एक हवालदार काठी आपटत विचारत होता, पाळणा कुठाय आणि बायांची रांग कुठली. मी त्याला लोणच्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ते काही असो, पाळण्याचा बंदोबस्त लागलाय, आता मला दिवसभर हलता येत नाही. मग त्याला चहा द्यावा लागला, आणि तो ओट्यावर गणपतरावांच्या खुर्चीत बसला. त्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट माझ्या मनासारखी झाली.

ट्रक आला. ड्रायव्हर इलाही, मिशाळ, तोंडात पान, कपाळावर आठी. त्याला पुढं निपाणीला जायचं होतं, आणि त्यानं सगळे नियम एका दमात सांगितले. फळीवर बघे चढायचे नाहीत. चौरंग फळीवर नेताना गाडी धरणारा ट्रकच्या बाजूला राहणार, माल पुढं. मालाच्या पुढ्यात, बाहेरच्या कडेला कुणी उभं राहायचं नाही. गाडी फळीच्या मधोमध आली की पंप सोडून चौरंग टेकवायचा, चाकाला लाकडाचा ठोकळा लावायचा, मगच तो बटण दाबणार. आणि आपला रस्ता गटारीकडं उताराचा आहे, तेव्हा खाली आल्यावरही गाडी मोकळी सोडायची नाही. मला सगळं पटलं. गणपतरावांना त्यातलं काही नवीन वाटलं नाही, म्हणून त्यांनी काहीच ऐकलं नाही.

पहिल्यांदा पिवळी गाडी फळीवर चढवली, बरोबर गणपतराव. बटण दाबल्यावर फळी वर जायला लागली, तशी सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या, आणि त्यांनी छाती अशी काही काढली, की वाटलं आता भाषण करणार. वर जाऊन त्यांनी जिभा चौरंगाच्या पोटात घालायला घेतल्या. जाईनात. गाडी मागं घेऊन पुन्हा घातल्या. तिरक्या घातल्या. दौलतला वर घेऊन मागनं ढकलायला लावलं. चौरंगाची फळी करकरली आणि आतल्या बरण्या किणकिणल्या, तसा इलाहीनं पान थुंकून सगळं थांबवलं. मापात चार बोटांचा फरक होता. गणपतराव म्हणाले, चौरंग चुकीचा बनवलाय.

पिवळी खाली आणली. गणपतराव घाम पुसायला थांबले, आणि पुसायला दोन्ही हात लागतात. गाडी निघाली. अंगानं थोराड, चाकं लोखंडी, रस्ता उताराचा. ती आधी सावकाश निघाली, एखादी म्हातारी देवळाला निघावी तशी. मग तिला घाई झाली. पोरं बाजूला पळाली, फुगेवाल्याचे फुगे सुटले, गणपतराव धोतर सावरत मागं, आणि त्यांच्या मागं हवालदार, कारण पाळणा पळाला तर काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. कोपऱ्यावर तालीम. दार सताड उघडं. गाडी आत शिरली आणि कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत तोंड खुपसून बसली.

इकडं फुटलं काहीच नाही, पण तिकडं वस्ताद बिथरले. कोल्हापुरात तालमीच्या मातीत कुणी चप्पल घालून पाय ठेवत नाही, आणि ही लोखंडी चाकं घालून गेलेली, तेही तेल गळत. ताकानं, तेलानं मळलेली त्यांची माती. वस्ताद म्हणाले, नारळ फोडल्याशिवाय गाडी हलायची नाही, आणि फोडल्यावरही हलवू का ते बघू. गणपतरावांनी नारळ फोडला, मातीला हात लावून कानाला लावला. तरी वस्तादांनी गाडी ठेवून घेतली. आजही पठ्ठे तिचा दांडा मारून दंड कमावतात.

मी तेवढ्यात दौलतला पिटाळून मीरासाबकडची बारकी गाडी आणवली. मीरासाबनं ती तेल घालून तयारच ठेवली होती. इलाही घड्याळ बघायला लागला होता. आत पिंपात कैरी मिठात बसलेली. मला वाटलं, आता गणपतराव खचले असतील, खाटेवर पडतील.

ते परत आले ते दुसरा नारळ घेऊन. म्हणाले, पहिल्यांदा आपण नारळ न फोडता चाकं फिरवली, म्हणून हा घोटाळा झाला. आता नवं काम सुरू करताना नारळ फोडू नका असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार? चिमणाबाई तर कळशी घेऊन तयारच होती. फळी वर नेली. दौलत आणि बारकी गाडी आत ट्रकमध्ये. गणपतरावांनी फळीच्या कडेवर नारळ फोडला, चिमणाबाईनं खालनं फळीवर कळशीतलं पाणी उडवलं. खोबरं पोरांनी लुटलं. फळीवरचे करवंटीचे तुकडे कुणी उचलले नाहीत. करवंटी कोण उचलतं?

बारकीच्या जिभा चौरंगाच्या पोटात अगदी सुरेख गेल्या. दौलतनं पंप मारला, चौरंग उचलला गेला, बरण्यांचा तो मनोरा उन्हात चमकत हळूहळू बाहेर यायला लागला. आणि तेवढ्यात गणपतराव फळीच्या बाहेरच्या कडेला, मालाच्या अगदी पुढ्यात, दोन्ही हात पसरून उभे राहिले. वरमाईला मांडवात सामोरं जातात तसे. इलाही ओरडला. त्यांनी त्याला हातानं गप्प केलं, त्यांना माल उतरवायची सवय होती.

पंपगाडीची पुढची चाकं असतात एवढी एवढी, लिंबाएवढी. त्यांच्यापुढं करवंटीचा तुकडा म्हणजे डोंगर. चाक अडलं. दौलतला दिसेना, त्यानं जोर लावला. चाक हलेना, त्यानं आणखी जोर लावला. मनोरा पुढं झुकला, आणि करवंटी कडकन फुटली. गाडी ओल्या फळीवर सुटली ती सरळ गणपतरावांच्या छातीवर.

त्या वेळी मला कैरी दिसली नाही, दुकानदार दिसले नाहीत, वर्ष दिसलं नाही. मला तो फेटा दिसला, आणि फेट्याच्या मागं सगळ्या बरण्या.

"गणप्या, मार उडी! दौलत, सोड पंप!"

दोघांनीही ऐकलं. गणपतरावांनी डोळे मिटून स्वतःला मागं टाकलं. खाली तालमीचे पठ्ठे तमाशा बघायला आलेले, त्यांनी त्यांना वरच्यावर झेललं. दौलतनं पंप सोडायची कळ ओढली, चौरंग धाडकन फळीवर बसला आणि जागच्या जागी थांबला. पण वरच्या थरातल्या बरण्या थांबल्या नाहीत. दोरी तोडून त्या गणपतराव जिथं उभे होते तिथनं गेल्या आणि रस्त्यावर जाऊन फुटल्या. तो आवाज मला पेंढ्याच्या पोत्यांतनं कधी ऐकू आला नव्हता.

मग मी फळी झाडून, पुसून घेतली. इलाहीनं सांगितलं तसंच, त्याच क्रमानं, एकेक चौरंग खाली आला आणि आत गेला. फुटल्या त्या फुटल्या. कमी पडलेल्या बरण्यांच्या जागी गल्लीतल्या घराघरातनं चिनी मातीच्या बरण्या गोळा केल्या, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या फोडी तेलात बुडाल्या. हवालदार जाताना म्हणाला, एवढा बंदोबस्त त्यानं खऱ्या पाळण्यालाही कधी केला नव्हता.

पण घरात मयत झाल्यासारखी कळा. अंजना बाळाला घेऊन कोपऱ्यात बसलेली, डोळे पुसत. चिमणाबाई कानाशी येऊन म्हणाली, आक्का, भर गल्लीत व्याह्याला गणप्या म्हणालीस, आता पाया पड, नाहीतर पोरीचं काही खरं नाही. माझी सूनसुद्धा, जिला मी तोंड उघडू देत नाही, ती म्हणाली, आत्या, एकदा चुकलं म्हणा. ओट्यावर गणपतराव ट्रंक बांधून बसले होते. फेटा मांडीवर. अंगावर लाल माती आणि पठ्ठ्यांच्या तेलाचे डाग.

मी पानात भाकरी वाढली, त्यावर नव्या लोणच्याची फोड ठेवली आणि बाहेर गेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"ईनबाई," ते म्हणाले, "आख्ख्या गिरणीत मला कुणी एकेरी बोललं न्हवतं."

पाया पडायला मी वाकले नाही. पान त्यांच्या पुढ्यात ठेवलं, आणि अंजनाला ऐकू जाईल, चिमणाबाईला ऐकू जाईल, अशा आवाजात म्हणाले,

"गणपतराव, वरडले ती वरडले, आन् परत तसा परसंग आला तर परत वरडीन. तवा 'अहो' म्हणत बसले असते, तर 'हो' म्हणंस्तोवर तुमी न्हवता. फुटलेली बरणी कारखान्यातनं आणता येती, माज्या लेकीला सासरा मी कुठनं आणू? ट्रंक आत ठेवा, ही भाकरी खावा, आन् पायजे तितकं दिवस ह्या खुर्चीत बसा. पण माज्या दारात जे काय चाकावर चालंल, त्याला हात लावायचा न्हाय. हात लावलासा तर परत गणप्याच म्हणीन."